तुटलेले कृत्रिम नख जोडण्यापूर्वी

कृत्रिम नख तुटते, ते बहुधा एकाच जागी. आपले नख जिथवर बोटाला चिकटलेले असते ती सीमा संपून ते मोकळे होते, तिथेच आडवी चीर पडते. याचे कारण तरफेच्या नियमात आहे. नखाचा मोकळा भाग दुप्पट लांब झाला, की टोकाला बसलेला तोच धक्का या सीमेवर दुप्पट ताण निर्माण करतो. शिवाय हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढत असल्याने, लावताना ताणाच्या जागी ठेवलेला जाड फुगवटाही हळूहळू पुढे सरकतो आणि नेमकी हवी तिथली जाडी कमी होते. तुळशीच्या लग्नानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नसराईसाठी नखे लावून घेणाऱ्या मुलींना पार्लरमधून तीन-एक आठवड्यांनी रिफिलिंगला, म्हणजे वाढलेल्या जागेत नवा थर भरून घ्यायला, यायला सांगतात, ते यासाठीच.

दुसरे कारण पाणी. नैसर्गिक नख केराटिन या प्रथिनाचे असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, पण त्यावरचे अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम नखाचे प्लास्टिक, फारच कमी फुगते. भांडी, धुणे, भाकरीचे पीठ मळणे आणि खानापूरकडचा महिनोन्‌महिने चालणारा पाऊस, यांमुळे दोन्ही थरांमधील सांध्यावर सतत ओढाताण होऊन एखाद्या कडेला कृत्रिम नख सुटू लागते. सुटलेल्या कडेखाली ओल साचते, आणि चीर दिसण्याच्या कितीतरी आधी बिघाडाची सुरुवात झालेली असते.

म्हणून, माझ्या मते, दुरुस्तीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे उचललेल्या नखावर वरून डिंक ओतणे. घरोघरी मिळणारा झटपट डिंक सायनोअॅक्रिलेट या रसायनाचा असतो आणि हवेतील किंचित ओलाव्यानेही काही सेकंदांत घट्ट होतो. त्यामुळे वरची कड बंद होते, खालची ओल मात्र आतच कोंडली जाते. अशा कोंडलेल्या ओलाव्यात स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढले, की नखावर हिरवट डाग उमटतो. हाच डिंक कापसावर सांडल्यास इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजू शकते, त्यामुळे तो कापसाने पुसू नये.

योग्य क्रम असा आहे. आधी लांबी कापून तरफ आखूड करावी. मग सुटलेला भाग ओढून न काढता, कड सपाट होईपर्यंत फाईलने घासून उतरवावा, कारण ओढल्यास त्याबरोबर नैसर्गिक नखाचे पापुद्रेही निघतात. नख पूर्ण कोरडे झाल्यावरच नवा थर द्यावा. अॅक्रिलिकमध्ये द्रव आणि पावडर एकत्र येताच लहान रेणूंच्या लांब साखळ्या बनतात. घासलेल्या जुन्या पृष्ठभागात द्रव थोडा मुरतो आणि नव्या साखळ्या जुन्यांत गुंततात. म्हणूनच घासणे टाळता येत नाही. थंडीत ही क्रिया मंदावते, त्यामुळे बेळगावच्या डिसेंबरमधील सकाळी खोली उबदार ठेवणे शहाणपणाचे. कृत्रिम नखाचा दुसरा प्रकार असलेल्या जेलची गोष्ट निराळी आहे: त्याचे रेणू दिव्याच्या अतिनील किंवा जांभळ्या प्रकाशाने जोडले जातात. जेलच्या कडक प्रकारात साखळ्या एकमेकींना आडव्याही बांधलेल्या असल्याने तो अॅसिटोनमध्ये विरघळत नाही, घासूनच काढावा लागतो.

चीर नैसर्गिक नखातही गेली असेल, तर रेशमाची किंवा काचतंतूची बारीक पट्टी चिरेवर ठेवून ती पातळ डिंकाने भिजवतात. डिंक कठीण पण ठिसूळ असतो; चीर उघडू पाहते तेव्हा ताण तिला आडवे गेलेले धागे पेलतात. शहापूर-वडगावच्या विणकर घरांत रेशमाची ही ताकद कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. पट्टी दोन्ही बाजूंना चिरेच्या बरीच पलीकडे जायला हवी, नाहीतर तिच्या कडेलाच नवी चीर पडते.

रक्त आलेले असेल, नख ठणकत असेल किंवा हिरवट दिसत असेल, तर काहीही न चिकटवता डॉक्टरांना दाखवावे. एरवी पट्टीचे काम तात्पुरतेच असते: चीर नखाबरोबर पुढे सरकत मोकळ्या भागात पूर्णपणे आली, म्हणजे बहुधा काही आठवड्यांत, तो तुकडा कापून टाकता येतो; तोवर नख आखूडच ठेवावे.