कार्यानुभवाचा तास गणिताला देताना

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गात कार्यानुभवाचा तास हळूहळू गणिताकडे सरकतो. लालबागच्या आमच्या शाळेतही तेच झालं. लाकडी पाटीवर स्विच आणि होल्डर जोडायचं काम अर्धवट राहिलं, ते राहिलंच. ज्या विषयाला गुण नाहीत, नुसती श्रेणी आहे, त्याचा तास गेल्याची तक्रार कोण करणार?

यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. अमेरिकेतले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ साली हे नेमकं सांगितलं होतं: एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून, तितका तो आकडा बिघडतो, आणि ज्या कामाचं मोजमाप करायचं ते कामही बिघडवतो. तिकडे कॅलिफोर्नियात २००६पासून इंग्रजी आणि गणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळा संपल्याचं प्रमाणपत्र मिळत नसे. २०१५मध्ये ही अट उठली. अशा परीक्षेत अडकलेल्या मुलाला जादा तास लावायचे, तर ते वेळापत्रकातून कुठून तरी काढावेच लागतात. सुतारकाम, मोटार दुरुस्ती यांचे तास त्यासाठी हाताशी असतातच.

पण हातकामाचा तास काढून गणित सुधारतं, हे गृहीतच तपासायला हवं. अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगात व्यवसाय शिक्षकांच्या जोड्या गणित शिक्षकांशी लावल्या. त्या-त्या कामात मुळात असलेलं गणित दोघांनी मिळून शोधलं आणि वर्गात उघड करून शिकवलं. वर्षाअखेरीस ही मुलं गणिताच्या नेहमीच्या चाचण्यांमध्ये इतर व्यवसाय वर्गांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली आणि कामाच्या कौशल्यातही मागे पडली नाहीत. ते निष्कर्ष २००६मध्ये आले. मला ते फार मोलाचे वाटतात.

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. १५०० वॅटचा गिझर, २३० व्होल्टचा पुरवठा. भागाकार केला की साडेसहा अँपिअर येतात. म्हणजे सहा अँपिअरचा छोटा प्लग चालणार नाही, सोळाचाच हवा. विद्युतशक्तीचं हे सूत्र दहावीच्या विज्ञानात आहेच. उत्तरपत्रिकेत मुलं ते बिनचूक लिहितात. मोठा प्लग कशाला, असं विचारलं की मात्र गप्प होतात.

म्हणून शाळांना माझी विनंती आहे: नोव्हेंबरनंतरचा आठवड्यातला एक तास तरी दोन्ही शिक्षकांनी मिळून घ्यावा. मुलांच्या हातात टेस्टर असावा आणि फळ्यावर तो भागाकार.