पिल्लू टोच मारून थांबलंय? झाकण उघडण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारे बहुतेक फोन अंडी उबवायच्या यंत्रात लावल्यापासून विसाव्या-एकविसाव्या दिवशी येतात, आणि तेही रात्री. "दुपारपासून टरफलाला टोच दिसतेय, पिल्लू आत चिवचिवतंय, पण पुढे काहीच नाही. फोडून काढू का?" फोन ऐरोलीचा असो, कळव्याचा असो की मुरबाडच्या वाडीवरचा, प्रश्न हाच. म्हणून रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत आता हे पत्रक देतो. एवढं वाचून मग चिमटा हातात घ्या.

पहिलं उत्तर आधीच देऊन ठेवतो: टोच पडून २४ तास झाले नसतील, तर काही करू नका. झाकण बंदच राहू द्या.

थांबलेलं पिल्लू आत काय करत असतं

कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस लागतात. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतल्या पापुद्र्याला चोच मारून अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत तोंड काढतं आणि पहिल्यांदा फुफ्फुसाने श्वास घेतं. चिवचिव ऐकू येते ती इथून. तिथली हवा पुरेनाशी झाली की ते चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्याने टरफलाला ठोकर देतं. हा दाणा जन्मानंतर काही दिवसांत गळून पडतो, त्याचं काम तेवढंच. आपल्याला बाहेरून दिसते ती टोच म्हणजे ही ठोकर.

टोच पडली की बहुतेक पिल्लं १२ ते २४ तास बाहेरून अगदी निपचित दिसतात. माणसाचा धीर सुटतो तो याच वेळात, आणि पिल्लाचं सगळ्यात महत्त्वाचं काम चालू असतं तेही याच वेळात. इतके दिवस ते श्वास घेत होतं टरफलाला आतून लागून असलेल्या पापुद्र्यातून. त्या पापुद्र्यात लाल शिरांचं जाळं असतं आणि त्यात पिल्लाचंच रक्त खेळत असतं. फुफ्फुसं चालू झाली की हे रक्त हळूहळू अंगात ओढलं जातं, शिरा सुकतात. सोबत उरलेला बलक बेंबीतून पोटात जातो. हे दोन्ही पुरं झालं की पिल्लू अंड्यात गोल फिरत रुंद टोकाची टोपी कापत जातं आणि अर्ध्या-एक तासात, कधी दोन तासांत, पाय झाडून बाहेर येतं.

मध्येच टरफल ओढलं तर त्या भरलेल्या शिरा फाटतात. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः हे केलंय. टोच पडून सहा-सात तास झाले होते, पिल्लू जोरात ओरडत होतं, मला राहवलं नाही. टरफलाचा दुसरा तुकडा निघाला तसं पापुद्र्यावर रक्त आलं, बोटाच्या पेरापर्यंत ओघळलं. पोटाशी बलक अजून बाहेरच होता, हरभऱ्याएवढा. सकाळपर्यंत ते पिल्लू गेलं. त्याच घाण्यातली बाकीची, ज्यांना मी हात लावला नव्हता, ती दुपारपर्यंत आपली आपण बाहेर आली. तेव्हापासून गाळ्यात नियम आहे: टोच दिसली की झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहायची. तुम्हीही तसंच करा. जाग्रणात सहा तास हे सोळा तासांसारखे वाटतात, पट्टीवरची वेळ फसवत नाही.

गावाकडे खुडूक कोंबडी बसवलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना आठवेल, एकविसाव्या दिवशी घरातली म्हातारी माणसं टोपलीजवळ कुणाला फिरकू देत नसत. कोंबडीही टरफल फोडून देत नाही, अंगाखाली धरून बसून राहते. पिल्लं बाहेर आली तरी लगेच दाण्याला नेत नाही, कारण पोटात गेलेल्या बलकावर ती दोन-तीन दिवस काढतात. म्हणूनच पहिलं पिल्लू बाहेर आलं की त्याला काढायला झाकण उघडायची घाई नको. ते यंत्रात २४ तास खुशाल राहील, उपाशी मरणार नाही. पण त्याच्यासाठी झाकण उघडलंत, तर आतली वाफ क्षणात निघून जाते आणि शेजारी टोच मारून बसलेल्यांचा पापुद्रा वाळून अंगाला चिकटतो. अडकलेल्या पिल्लांच्या तक्रारी ऐकताना हे कारण आम्हाला पुन्हा पुन्हा सापडतं.

मदत खरंच कधी लागते

टोच पडून २४ तास उलटले आणि भोक तेवढंच राहिलं, तर. किंवा पिल्लाने गोल कापायला सुरुवात केली, पाव-अर्धा भाग कापला आणि मग तीन-चार तास थांबलं, भोकातून दिसणारा पापुद्रा पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा झाला, तर. असा पापुद्रा म्हणजे पिल्लू आवळून बांधल्यासारखं झालंय, त्याला फिरता येत नाही.

उलट्या टोकाची टोच, म्हणजे निमुळत्या बाजूला पडलेली, ही वेगळी गोष्ट. तिथे हवेची पोकळी नसते, पिल्लू आडनिडं बसलेलं असतं. यातली काही पिल्लं आपली आपण निघतात, पण वेळ जास्त घेतात. त्यांनाही २४ तास द्याच, फक्त आतली आर्द्रता ७० च्या खाली जाऊ देऊ नका आणि भोक पिल्लाच्या श्वासासाठी मोकळं आहे ना एवढं काचेतून पाहत राहा.

तिसरा प्रसंग: आतून चिवचिव येऊन २४ तासांहून जास्त झाले, पण टरफलाला तडाही नाही. अंधारात अंडं टॉर्चवर धरा. रुंद टोकाच्या पोकळीत चोचीची सावली हलताना दिसली, तरच त्या पोकळीच्या वरच्या बाजूला जाड सुईने, हातानेच फिरवत, सुईच्या अग्राएवढं एक भोक पाडा. हे श्वासापुरतं. सावली दिसत नसेल तर सुई लावू नका.

हात कसा लावायचा

पंखा, एसी बंद. फ्लॅटमध्ये सगळ्यात चांगली जागा म्हणजे न्हाणीघर: गरम पाण्याची बादली भरून ठेवा, दार लावा, आरशावर वाफ जमली की अंडं आत आणा. हात साबणाने धुतलेले हवेत. बोथट टोकाचा चिमटा, कापसाच्या काड्या, वाटीत कोमट पाणी, थोडं खोबरेल तेल आणि टॉर्च, एवढं सामान पुरतं. बाकीची अंडी यंत्रात आहेत हे विसरू नका, एकच अंडं पटकन काढून झाकण लावा.

टोचेच्या कडेपासून टरफलाचे तांदळाएवढे कण काढत जा. फक्त टरफल, खालचा पापुद्रा नको. दिशा रुंद टोकाच्या बाजूची, जिथे पिल्लाने स्वतः टोपी कापली असती तिथली. एक-दोन सेंटिमीटर मोकळं झालं की काडी कोमट पाण्यात बुडवून, निथळून, पापुद्र्यावर टेका. चोचीवरच्या नाकपुड्यांत थेंब जाऊ देऊ नका, पिल्लू बुडतं. मग त्याच जागी तेलाचं बोट हलकंच फिरवा. कागदासारखा पांढरा पापुद्रा तेलाने पारदर्शक होतो आणि आत काय आहे ते दिसायला लागतं.

आता टॉर्च धरून नीट पाहा. लाल शिरा दिसल्या, केसाएवढ्या बारीक असल्या तरी, तिथेच थांबा. अंडं यंत्रात ठेवा, चार ते सहा तासांनी पुन्हा पाहा. चोच मोकळी असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या: पिल्लू काही चघळल्यासारखी चोच हलवत असेल, जांभया देत असेल, तर बलक अजून आत ओढला जातोय. तेही अजून तयार नाही. चुकून रक्त आलंच तर कोरड्या स्वच्छ कापसाने मिनिटभर हलकं दाबून धरा, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावा आणि अंडं परत ठेवून द्या. पुढचं काम काही तासांनी.

शिरा दिसत नसतील, तर पापुद्रा चोचीपासून सुरू करून मागे सरकवा, चोच आणि डोकं मोकळं करा. तो जिथे पिसांना चिकटलाय तिथे ओढू नका, आधी भिजवा. आणि इथे थांबा. खालचं अर्धं टरफल पिल्लाच्या अंगावर तसंच राहू द्या. मान मोकळी झालेलं तयार पिल्लू तासाभरात लाथा मारून बाहेर येतं. ते लाथा मारणं त्याच्या पायांना हवंच असतं, आणि बेंबीशी काही राहिलं असेल तर ते सुकायला वेळही मिळतो. बाहेर आल्यावर पोटाशी बलक दिसला, तर ओल्या टिश्यू पेपरने आतून मढवलेल्या चहाच्या कपात पिल्लू बसवा आणि कप यंत्रात ठेवा. बेंबीशी लोंबणारा दोरा कधीही ओढायचा किंवा कापायचा नाही. सुकून आपोआप पडतो.

सगळं नीट करूनही काही पिल्लं जातात. जी आत वाकडी वाढली किंवा आधीच दमली, ती आपल्या हातात नसतात. आणि एकाच कोंबडीच्या अंड्यांतली पिल्लं दर वेळी अडकत असतील, तर पुढच्या घाण्याला तिची अंडी लावू नका असं आमचं स्पष्ट मत आहे.

पिल्लं अडकतात ती आधीच्या अठरा दिवसांमुळे

यंत्र लावताना आम्ही सांगतो: पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, मग अंडी फिरवणं बंद आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५. पण ठाणे-नवी मुंबईची हवा या आकड्यांना वर्षभर सारखी साथ देत नाही.

पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असतो. तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता उतरून सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या अठरा दिवसांत ट्रेमध्ये पाणी घालायची बहुधा गरजच नसते. तरी सवयीने घालतात, अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते, आणि पिल्लू ओलंचिंब, फुगलेलं, वळायलाही जागा नसलेलं निघतं. याच्या उलट गत एसीच्या खोलीत. २४ अंश आणि ५० टक्क्यांची हवा यंत्रात तापली की आर्द्रता पंचविसाच्याही खाली जाते. घोडबंदर रोडच्या किंवा वाशीच्या फ्लॅटमध्ये बेडरूममधल्या एसीखाली ठेवलेल्या यंत्रात पापुद्रे वाळतात ते यामुळे. यंत्र एसी नसलेल्या खोलीत, ऊन आणि वाऱ्याचा झोत लागणार नाही असं ठेवा.

आर्द्रतेच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास नको. झाकणाच्या डब्यात एका बुचात मीठ घ्या, ते भिजेल पण विरघळणार नाही इतकंच पाणी घाला, काटा शेजारी ठेवून डबा आठ तास बंद करा. काटा ७५ दाखवायला हवा. ७० दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवा. तापमानासाठी घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर चालतो, ३७.५ त्याच्या कक्षेतच येतं.

त्याहून खात्रीचा उपाय स्वयंपाकघरातला वजनकाटा. अठरा दिवसांत अंड्याचं वजन १२-१३ टक्के घटायला हवं. ५० ग्रॅमची बारा गावठी अंडी ६०० ग्रॅम भरली, तर अठराव्या दिवशी ५२५ च्या आसपास यावीत. दहाव्या दिवशी एकदा तोला. घट कमी असेल तर पाणी काढा, जास्त असेल तर वाढवा.

आर्द्रता वाढावी म्हणून हवेची भोकं बुजवू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू जास्त लागतो. वीज गेली तर यंत्रावर गोधडी टाका, पण भोकं उघडी ठेवून, आणि झाकण न उचलता. तास-दोन तास अंडी ऊब धरून राहतात.

अंडी यंत्रात रुंद टोक वर करूनच लावायची, निमुळतं वर राहिलं की उलटी बसलेली पिल्लं वाढतात. शहापूर-मुरबाडहून एसटीने आणलेली अंडी आधी बारा तास तरी रुंद टोक वर ठेवून स्थिर राहू द्या. आठवड्याहून जुनी शक्यतो लावू नका. दुकानातली पांढरी अंडी तर उबतच नाहीत, त्या कोंबड्यांना कोंबडा लागलेला नसतो.

बाहेर आल्यावर

पिसं फुलून कोरडी झाली की पिल्लं ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. खरखरीत रबर मॅट किंवा जुना टॉवेल घाला. अडकून निघालेल्या पिल्लाचे पाय फाकले असतील तर अरुंद बँडेजपट्टीने दोन्ही पाय त्याच्या अंगाच्या रुंदीएवढ्या अंतरावर सैल बांधा, तीन-चार दिवसांत बहुधा सावरतं. पहिल्या पाण्यात चोच एकदा बुडवून दाखवा. मुलांना पिल्लं हाताळू द्या, पण नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही, कोंबड्यांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू माणसाला लागतो.

अडचण आली तर यंत्राच्या पावतीवरच्या नंबरवर केव्हाही फोन करा, रात्रीसुद्धा. फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: झाकणावरच्या पट्टीवर लिहिलेली टोचेची वेळ, या क्षणीचं तापमान आणि आर्द्रता, टोच कोणत्या टोकाला आहे, आणि काचेतून काढलेला फोटो. फोटोसाठी झाकण उघडू नका.