नकोशी

नकोशी : घरात मुलाची वाट पाहिली जात असताना लागोपाठ मुली जन्मल्या म्हणजे त्यांतील धाकटीला ‘नको असलेली’ या अर्थाचे नाव ठेवण्याची महाराष्ट्रातील प्रथा आणि त्या प्रथेतून रूढ झालेले स्त्रीनाम. बोलीत त्याची नकुशी, नकुशा, नकुसा अशी रूपे होतात, तर वयाने मोठ्या बाईस नकुसाबाई किंवा नकुशाआक्का असे मानाचे प्रत्यय लावूनही हाक मारली जाते. प्रथा एकाच जिल्ह्यापुरती नाही. तथापि 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा येथे या नावाच्या 285 मुलींचे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या पुढाकाराने नामांतर झाले, तेव्हापासून तिचा उल्लेख प्रायः सातारा जिल्ह्याच्या संदर्भात होतो. स्त्रीला रोजच्या व्यवहारात सोसाव्या लागणाऱ्या दुय्यमत्वाच्या अभ्यासात या नावाला वेगळे महत्त्व आहे. येथे अपमान करणारी व्यक्ती समोर असावीच लागत नाही. हाक मारणारा मायेने मारीत असला तरी नावातला अर्थ टळत नाही.

उगम : प्रथेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार नकोशी हे दृष्ट व मृत्यू टाळण्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या तिरस्कारदर्शक नावांपैकी एक होय. मुले जगत नसलेल्या घरात पुढच्या अपत्याला दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा, भिकाजी अशी नावे ठेवण्याचा परिपाठ महाराष्ट्रात जुना आहे. मूल दगडासारखे किंवा केरासारखे कवडीमोल आहे असे भासवले म्हणजे सटवी, भुतेखेते किंवा काळ त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, अशी त्यामागील समजूत. अशी नावे भारतात इतरत्रही आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश संकलकांनी पंजाबातील नावांचे वर्गीकरण करताना त्यांचा स्वतंत्र वर्ग केला होता. नकोशी याच वर्गात घालण्याचा मोह साहजिक आहे, कारण दोन्हीकडे शब्द तिरस्काराचाच आहे.

दुसरे मत असे की, नकोशी हे मुलीच्या संरक्षणासाठी ठेवलेले नाव नसून ती जन्मल्याबद्दलची तक्रार आणि पुढच्या खेपेसाठी केलेली मागणी आहे : ‘आता मुलगी पुरे, मुलगा दे’ हे दैवाला कळावे म्हणून ते उच्चारले जाते. हरियाणात ‘भतेरी’ म्हणजे पुष्कळ झाल्या, राजस्थानात ‘धापू’ म्हणजे पोट भरले, तर तमिळनाडूत ‘वेण्डाम’ म्हणजे नको, अशी मुलींची नावे ठेवली जातात आणि ती सर्व याच आशयाची आहेत. प्रस्तुत नोंदीत हे दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. दगडू किंवा केरबा हे नाव ज्याला मिळते तो मुलगा घरातल्यांना अत्यंत हवा असतो आणि तो जगावा म्हणूनच नावाची ही लबाडी केली जाते. नकोशीच्या घरात मात्र आधीच्या बहिणी सहसा जिवंत व धडधाकट असतात. मुले दगावण्याची भीती हे नावाचे कारण असते, तर ते पहिल्या मुलीलाही पडले असते. पण ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणणारा समाज पहिलीचे बारसे थाटात करतो. नाव पडते ते तिसरीला, चौथीला, क्वचित दुसरीला. मोनिका दास गुप्ता यांनी 1987 मध्ये ग्रामीण पंजाबाविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलींविषयीचा भेदभाव सरसकट नसून आधी बहीण असलेल्या मुलींच्या वाट्याला विशेषत्वाने येतो, असे दाखवून दिले होते. नकोशी या नावाची वाटणी त्या निष्कर्षाशी जुळते.

दोन्ही मते जोडणारा एक दुवा मात्र नजरेआड करता येत नाही. नवसाने झालेल्या मुलग्याचे नाक टोचून त्याला मुलीप्रमाणे वाढवण्याची आणि नथू हे नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रात होती. काळाने हात लावू नये म्हणून मुलाला मुलगी भासवावे, या चालीतच मुलगी ही काळालाही घ्यावीशी न वाटणारी वस्तू, हे गृहीत आहे. दगडूला दगड म्हणणे आणि मुलाला मुलगी म्हणणे यांचे प्रयोजन एकच ठरते. त्यामुळे नकोशी हे नाव दृष्ट टाळणाऱ्या नावांपासून निघाले नसले, तरी मुलीच्या मोलाविषयीची दोहोंमागील समजूत सारखी आहे, असे म्हणता येईल.

प्रथेचा काळ निश्चित करणे अवघड आहे. जुन्या गावदप्तरातील कोतवाल बुकात व गाव नमुना 14 मध्ये जन्माची नोंद बहुधा बापाच्या नावाखाली होई आणि अपत्यापुढे केवळ लिंग लिहिलेले असे. मुलीचे नाव प्रथम कागदावर येई ते शाळेच्या जनरल रजिस्टरात, आणि जी शाळेत गेली नाही तिचे तर मतदार यादीतच. या नावाच्या आजीच्या वयाच्या स्त्रियाही हयात आहेत. त्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, 1980 नंतर सोनोग्राफीचा प्रसार होण्याच्या बरीच आधी ही प्रथा रूढ होती.

नाव पडण्याची रीत : बाराव्या दिवशी बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. नकोशीच्या बाबतीत अनेकदा बारसेच होत नाही किंवा उरकले जाते, आणि आजीने वा शेजारणीने उद्वेगाने उच्चारलेला शब्द हाकेचे नाव बनतो. पुढे शाळाप्रवेशाच्या वेळी घरचे कोणी तेच सांगतात व गुरुजी तेच लिहून घेतात. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलेबी वाटण्याची तऱ्हा सर्वपरिचित आहे. नकोशीच्या वेळी तेही वाटले जात नाही.

दैनंदिन व्यवहारातील अनुभव : या नावाचा त्रास एखाद्या मोठ्या प्रसंगात नसून पुनरावृत्तीत आहे. वर्गात रोज हजेरी घेतली जाते आणि मुलीला आपल्या नावाला ‘हजर’ म्हणावे लागते. नवे शिक्षक आले की नाव दोनदा विचारले जाते, मुले हसतात, मग शिक्षकही समजुतीच्या सुरात कितवी मुलगी म्हणून चौकशी करतात. रेशन दुकान, दवाखान्याचा केसपेपर, बँकेची खिडकी, एस.टी.चा सवलत पास अशा प्रत्येक ठिकाणी नाव मोठ्याने पुकारले जाते आणि घरातील खाजगी निराशा तेवढ्या वेळापुरती सार्वजनिक होते. पाठीवर भाऊ झाला तर ‘हिच्या पायगुणाने मुलगा झाला’ असे कौतुक होते व नाव सार्थकी लागले असे मानले जाते. न झाला तर तिच्याकडे पाहून उसासे टाकले जातात. कौतुक आणि दोष या दोन्हींचे माप भाऊच असतो. घरोघरी इतर मुलींनाही जे ऐकावे लागते (‘परक्याचे धन’, ‘वंशाला दिवा हवा’, ‘हिला शिकवून काय करायचे’) तेच नकोशीच्या बाबतीत एका शब्दात गोठवलेले असते, म्हणून तिला ते निराळे ऐकवावे लागत नाही.

या नावाच्या मुलींना ते बदलण्याची पहिली संधी पूर्वी लग्नात मिळे. महाराष्ट्रात अनेक घरांत नवरीचे नाव सासरी बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते. स्त्रीची माहेरची ओळख पुसणारी म्हणून या चालीवर योग्य टीका झाली आहे. नकोशीच्या वाट्याला मात्र तीच चाल सुटका म्हणून येते, हा विपर्यास नोंदवण्याजोगा आहे. अर्थात सुटका अर्धीच. सासरी नवे नाव रुळले तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनेच राहते आणि माहेरी आल्यावर आळी जुन्याच नावाने हाक मारते.

सातारा येथील नामांतर : जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने 2011 मध्ये गावोगावी या नावाच्या मुलींचा शोध घेऊन त्यांची यादी तयार केली. कार्यक्रमात मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. नवी नावे निवडताना काहींनी चित्रपट-अभिनेत्रींची, काहींनी देवतांची, तर काहींनी ऐश्वर्य किंवा सौंदर्य सुचवणारी नावे घेतली. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यातले असल्याने त्यांच्या नावाचा आधार अशा उपक्रमांत घेतला जाणे स्वाभाविक होते. देशी-विदेशी वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली.

प्रमाणपत्र मिळाल्याने नाव कागदोपत्री बदलतेच असे नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत नाव नंतर घालता येते : बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेले नाव बदलण्याची वाट त्याहून बिकट आहे, कारण अधिनियमातील दुरुस्तीची तरतूद चुकीच्या नोंदीसाठी आहे आणि नकोशी ही नोंद कायद्याच्या दृष्टीने चूक नव्हे. शिकत असलेल्या मुलीचे नाव शाळेच्या रजिस्टरात शिक्षणाधिकाऱ्याच्या मान्यतेने बदलावे लागते. सज्ञान स्त्रीला शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. देशात आधार क्रमांकाचे वाटप नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे सप्टेंबर 2010 मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या काळात दाखला, रेशनकार्ड, बँकखाते व आधार यांवरील नाव तंतोतंत एक असण्याला महत्त्व आले आणि ज्यांचे नाव एका कागदावर बदलून दुसऱ्यावर तसेच राहिले त्यांची अडचण वाढली.

लिंग गुणोत्तराशी संबंध : नामांतराची सांगड जिल्ह्यातील बाल लिंग गुणोत्तराशी, म्हणजे 0 ते 6 वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे असलेल्या मुलींच्या संख्येशी, घालण्यात आली होती. हे गुणोत्तर साताऱ्यात 2001 मध्ये 878 होते. 2011 च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आले तेव्हा ते 881 असल्याचे जाहीर झाले आणि कार्यक्रमाच्या बातम्यांत तोच आकडा आला. अंतिम आकडेवारीत ते 895 ठरले. सांगलीत अंतिम आकड्यांनुसार 851 वरून 867 अशी वाढ झाली, तर याच दशकात संपूर्ण राज्याचे गुणोत्तर 913 वरून 894 पर्यंत घसरले. ही जनगणना फेब्रुवारी-मार्च 2011 मध्ये झाली व नामांतर ऑक्टोबरमध्ये; सबब सुधारणेचे श्रेय नामांतराला देणारी विधाने कालक्रमाला धरून नाहीत. तसेच एकूण लोकसंख्येतील स्त्रियांचे प्रमाण पाहून निष्कर्ष काढणेही फसवे ठरते. साताऱ्याचे पुरुष गिरणीकाम व माथाडीकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेल्याने जिल्ह्यातील स्त्रियांचे प्रमाण दीर्घकाळ हजाराच्या वर राहिले आणि लहान मुलींच्या संख्येतील तूट त्यामागे झाकली गेली.

नकोशी हे नाव आणि गर्भलिंगनिदान यांचा संबंध दिसतो तितका सरळ नाही. हे नाव असलेली मुलगी जन्मलेली असते; म्हणजे त्या घराने, इच्छेने वा ऐपतीअभावी, सोनोग्राफीच्या मार्गाने तिला टाळलेले नसते. ज्या घरांनी तो मार्ग घेतला तेथे तिसऱ्या मुलीला नाव ठेवण्याची वेळच आली नाही. त्यामुळे या नावाच्या मुलींची संख्या घटणे हे मतपरिवर्तनाचे लक्षण असू शकते, तसेच नकाराची जागा बारशाकडून तपासणीच्या टेबलाकडे सरकल्याचेही असू शकते. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर 1988 मध्येच, देशात प्रथम, कायदा केला. केंद्राचा 1994 चा अधिनियम 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला आणि 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. अंमलबजावणीसाठी साताऱ्यातूनच काम करणाऱ्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी’ अभियानाने बनावट रुग्ण पाठवून अनेक केंद्रे उघडकीस आणली. त्यांना 2025 चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मार्च 2017 मध्ये एका महिलेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाल्यानंतर तपासात 19 भ्रूणांचे अवशेष सापडले. सांगलीतील नकोशी नावाविषयी मात्र साताऱ्याइतके लेखन झालेले नाही.

कारणांच्या चर्चेत हुंडा व वृद्धापकाळचा आधार यांबरोबर जमिनीचा उल्लेख आवश्यक आहे. कृष्णा-वारणाकाठच्या बागायती पट्ट्यात एकर-दीड एकर ऊसही मोलाचा असतो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये, तर देशाने 2005 मध्ये दिला. व्यवहारात बहिणींकडून हक्कसोड पत्र लिहून घेण्याची पद्धत अजून चालू आहे आणि ते न देणारी बहीण माहेराला मुकते. कायद्याने मुलगी वाटेकरी झाली आणि काही घरांत तेवढ्याने ती अधिक नकोशी झाली, असे मत मांडले जाते. ते पडताळून पाहण्याजोगे आहे.

शासनाने ‘माझी कन्या भाग्यश्री’ ही योजना 2016 मध्ये आणि तिच्या जागी ‘लेक लाडकी’ ही योजना 2023 मध्ये आणली. दुसऱ्या योजनेत 1 एप्रिल 2023 रोजी वा त्यानंतर पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबात जन्मलेल्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण 1,01,000 रुपये दिले जातात. दुसऱ्या अपत्यानंतर माता किंवा पित्याने कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया करणे ही त्यातील अट असल्याने, दोन मुलींवर जन्मलेली तिसरी मुलगी सर्वसाधारणपणे या योजनेच्या बाहेर राहते.