हॉर्नबी वेगळं, पेको वेगळं. आणि रुळांवरचं ‘ओओ/एचओ’ म्हणजे नक्की काय

छोट्या आगगाड्यांच्या छंदात नवा आलेला माणूस हमखास दोन वाक्यं बोलतो. पहिलं, “हॉर्नबीचे रूळ घेतलेत, पेको कंपनीचे.” दुसरं, “पाकिटावर ओओ/एचओ (छोट्या गाड्यांच्या दोन मापांची नावं) लिहिलंय, म्हणजे दोन्ही एकच.” पहिल्या वाक्यातला घोळ दोन मिनिटांत सुटतो. दुसऱ्यापायी लोक महागड्या वस्तू घेऊन बसतात आणि मग त्या एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

हॉर्नबी ही छोट्या आगगाड्यांची ब्रिटिश कंपनी, तिच्याबद्दल थोडक्यात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचं पेटंट घेतलं, १९२० मध्ये त्याच्या गाड्या बाजारात आल्या आणि तो गेल्यावर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, कंपनीने टेबलावर मावणारी ‘हॉर्नबी डब्लो’ काढली. पुढे मालक बदलले, कारखाने बदलले, नाव टिकलं. हॉर्नबी म्हणजे मुळात गाडी. खोक्यात सोबत मिळतो तो रुळांचा गोल ही गाडी घरी आणल्या आणल्या पळवता यावी एवढ्यासाठीची सोय.

पेको बरोबर उलट्या टोकाने आली. सिडनी प्रिचर्ड यांनी १९४६ मध्ये ‘प्रिचर्ड पेटंट प्रॉडक्ट कंपनी’ काढली. त्यांचा भर गाडीवर नव्हता, गाडीभोवती जे जे लागतं त्यावर होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हनमध्ये आधी सीटन आणि १९७०च्या दशकापासून शेजारचं बीअर हे गाव, असा कंपनीचा प्रवास. रूळ आजही तिथेच बनतात. १९५१ मध्ये पेकोने ‘रेल्वे मॉडेलर’ हे मासिक विकत घेतलं. माझ्या मते कंपनीच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. रूळ विकणाऱ्याने ते मांडायचे कसे हेही दर महिन्याला शिकवलं, आणि सिरिल फ्रीझर यांच्यासारखा संपादक लाभल्यावर छोट्या खोलीत अख्खं स्टेशन कसं बसवावं हे पिढ्यान्‌पिढ्या त्या पानांवरून शिकल्या.

पेकोचं खरं नाव झालं ते ‘स्ट्रीमलाइन’ रुळांमुळे. एक वार लांबीचा, म्हणजे ९१४ मिलिमीटरचा, हाताने हवा तसा वाकवता येणारा रूळ. ठरावीक वळणाचे तुकडे जोडत बसायची गरज उरली नाही. आणि त्याचा सांधा, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा! पेकोचा सांधा एकदा हातात घेऊन बघा. बोटाने पाती ढकलली की मध्यापर्यंत ती थोडी अडते आणि मग आतली बारीकशी स्प्रिंग तिला ‘टक्’ करून पलीकडे चिकटवते. मोटर नको, तार नको. गाडी वरून गेली तरी पाती हलत नाही. माझ्याकडचा एक सांधा पंचवीस वर्षांचा आहे, त्याचा आवाज अजून तोच आहे.

पेकोचाच ‘सेटट्रॅक’ हा ठरावीक तुकड्यांचा प्रकार हॉर्नबीच्या तुकड्यांशी जुळतो, म्हणूनही गोंधळ होतो. लक्षात ठेवायचं एवढंच की सेटट्रॅकमध्ये शेजारशेजारच्या दोन मार्गांत ६७ मिलिमीटर अंतर असतं आणि स्ट्रीमलाइनमध्ये सुमारे ५०. दोन्हींचे सांधे बेफिकीरपणे मिसळू नका.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे ‘एचओ गेज’ म्हणायची पद्धत पडली आहे आणि मला ती मनापासून खटकते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान. मराठी माणसाला तर हा फरक समजावून सांगायला नको. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या लागत. तिन्हींचे रूळ वेगळे, पण उतरणारी माणसं सगळ्यांतून सारख्याच उंचीची. गेज बदललं म्हणून स्केल बदलत नाही.

पेकोच्या रुळांवर नेमकं याच्या उलट घडतं: गेज एकच, स्केल दोन. एचओ म्हणजे १:८७, एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतला खरा रूळ १४३५ मिलिमीटरचा, त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा येतात. हिशोब चोख. ओओ म्हणजे १:७६.२, फुटाला चार मिलिमीटर. त्या हिशोबाने रूळ १८.८३ मिलिमीटर हवा, पण ओओसुद्धा साडेसोळावरच धावतं. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान, आणि सुरुवातीच्या काळातल्या मोटरी १:८७ च्या सांगाड्यात मावत नव्हत्या. म्हणून वरचा सांगाडा फुगवला आणि रूळ तोच ठेवला. ती तडजोड आजतागायत चालू आहे. कट्टर मंडळी १८.२ किंवा १८.८३ मिलिमीटरचे रूळ घालतात, पण त्यांना चाकंसुद्धा बदलावी लागतात.

म्हणजे ‘ओओ/एचओ’चा अर्थ एवढाच की दोन्हींची चाकं या रुळावर बसतील. बाकी काहीही एक नाही. सहा फुटी माणूस एचओमध्ये २१ मिलिमीटरचा, ओओमध्ये २४ चा. फलाटावर दोघांना शेजारी उभं करा, लगेच खुपतं. माझ्या ओळखीच्या एकाने एचओच्या जर्मन इंजिनाशेजारी ओओची ब्रिटिश सिग्नल केबिन लावली. दुकानदाराने “चालतंय” म्हणून सांगितलं होतं. दारातून इंजिनाचा ड्रायव्हर मान न वाकवता जाईल हे ठीक, पण दाराची कडी त्याच्या छातीपर्यंत येत होती. ती केबिन आता कपाटात आहे.

आणि खुद्द रुळांचं स्केल कसं ओळखायचं? स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बघा. साडेआठ फुटी ब्रिटिश स्लीपर एचओमध्ये पावणेतीस मिलिमीटरचा होतो, ओओमध्ये ३४ चा. पेकोच्या नेहमीच्या स्ट्रीमलाइनचे स्लीपर आखूड आणि दाट आहेत, म्हणजे तो दिसायला एचओचाच रूळ. त्यावर ब्रिटिश इंजिन ठेवलं की खालचा मार्ग अरुंद आणि घट्ट विणलेला वाटतो. ब्रिटिश छंदिष्टांनी याबद्दल कित्येक वर्षं तक्रार केली, तेव्हा कुठे गेल्या दशकात पेकोने मोठ्या, विरळ स्लीपरचा, बुलहेड (जुन्या ब्रिटिश आकाराच्या) पद्धतीचा खास ओओ रूळ आणला. गेज पुन्हा साडेसोळाच. त्याच कंपनीचा ओ-१६.५ हा तिसरा प्रकार घ्या: गेज तेच, पण स्लीपर जाडजूड आणि ओबडधोबड, कारण तिथे फुटाला सात मिलिमीटर धरून नॅरोगेज दाखवायचा आहे. तिन्ही तुकडे एका ओळीत ठेवून वरून बघा. लोखंड सारखं दिसेल, लाकडावरून प्रमाण कळेल.

भारतीय गाड्या करणाऱ्यांना तर हे आणखी नीट कळायला हवं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एचओमध्ये तो १९.२६ भरतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय एचओ प्रमाणातच आहे, आपल्याकडे हौशी लोकही बहुतेक त्याच प्रमाणात काम करतात, आणि माझाही कौल एचओलाच आहे. पण भारतीय इंजिन साडेसोळाच्या रुळावर चढवलं की आपण त्याच्याखाली युरोपचा रूळ घालतो, आपला नाही. ही तडजोड मला मान्य आहे, ती करतोय हे ठाऊक असेल तर. तेव्हा घर, पूल, माणसं, झाडं घेताना पाकिटावरचं ‘ओओ/एचओ’ वाचूच नका. १:८७ की १:७६ हा आकडा शोधा. तो छापलेला नसेल तर दाराची उंची मोजून मागवा. साडेसहा फुटी दार एचओमध्ये पावणेतेवीस मिलिमीटर, ओओमध्ये सव्वीस.