कोलेस्टेरॉल आणि दैनंदिन आहार

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा स्निग्ध पदार्थ असून तो मनुष्यासह सर्व प्राण्यांच्या पेशीपटलात असतो. पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि काही महत्त्वाची संप्रेरके त्याच्यापासूनच घडतात. म्हणून तो मुळात शरीराला परका किंवा अपायकारक नाही. अठराव्या शतकात तो प्रथम पित्ताशयातील खड्यांमध्ये आढळला आणि त्याच्या नावातही पित्त या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत आणि इतर पेशी स्वतः तयार करतात, अन्नातून येणारा वाटा त्यामानाने लहान असतो. त्यामुळे ताटात कोलेस्टेरॉल किती आहे, यापेक्षा ताटातले अन्न यकृताला काय करायला लावते, हा प्रश्न हृदयविकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

रक्तात कोलेस्टेरॉल प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांतून वाहून नेले जाते. त्यांपैकी एलडीएल (कमी घनतेचे) कण संख्येने वाढले की ते रोहिणींच्या अस्तरात शिरून अडकतात, तेथे दाह निर्माण होतो आणि वर्षानुवर्षांच्या साचण्यातून किटण (प्लाक) तयार होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतील असे किटण फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. निरोगी प्रौढ व्यक्तीत एलडीएल दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असणे चांगले मानतात. एचडीएल (जास्त घनतेचे) कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी एचडीएल जोखमीचे लक्षण समजले जाते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी १५० च्या आत असावी.

आहाराशी असलेला संबंध १९१३ मध्ये रशियन संशोधक निकोलाय आनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून दाखवला. ससा शाकाहारी असल्याने त्याच्या शरीराला हा पदार्थ हाताळण्याची सवय नसते, ही त्या प्रयोगाची मर्यादा होती. १९५८ मध्ये अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सात देशांच्या पाहणीने लक्ष संपृक्त मेदाकडे (तूप, खोबरेल तेल यांत जास्त असणाऱ्या मेदाकडे) वळवले. पुढे अमेरिकन संशोधक मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी पेशींवरील एलडीएल ग्राहींचा (एलडीएल कण पकडणाऱ्या प्रथिनांचा) शोध लावला आणि त्यासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. हे ग्राही, विशेषतः यकृतपेशींवरील, रक्तातील एलडीएल उचलून घेतात. संपृक्त मेद जास्त खाल्ल्यास त्यांची क्रिया मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. अंड्याच्या बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असूनही बहुतेक लोकांत रोज एक अंडे खाल्ल्याने एलडीएल फारसे का वाढत नाही, याचे कारणही यकृतातच आहे: बाहेरून थोडे अधिक आले की यकृत आपली निर्मिती आवरते. ‘आमच्या घरी अंडेसुद्धा शिजत नाही’ हे वाक्य म्हणूनच हृदयविकारापासून संरक्षण देत नाही.

तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शिक्का तर निव्वळ दिशाभूल करणारा होय, कारण कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. फरक पडतो तो मेदाम्लांच्या, म्हणजे मेदाच्या घटकांच्या, प्रकाराने. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, तुपात ६० टक्क्यांहून अधिक आणि पामतेलात जवळजवळ निम्मे मेद संपृक्त असते. शेंगदाणा तेलात ते साधारण पाचव्या हिश्शाइतके, तर करडईच्या तेलात त्याहूनही कमी असते. खोबरेल तेल एचडीएलही वाढवते म्हणून त्याची बाजू घेतली जाते, परंतु करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत ते एलडीएल निश्चितपणे वाढवते. कोकण व गोव्यातील जेवणात नारळाबरोबर बांगडा आणि तारली हे तेलकट मासेही असतात. त्यांतील ओमेगा-३ मेदाम्ले ट्रायग्लिसराइड कमी करतात, मात्र मासा रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला की लाभाचा बराचसा भाग तव्यातच राहतो. शाकाहारी घरात जवसाची चटणी हा ओमेगा-३ चा जवळचा स्रोत आहे. जवस कुटलेला हवा, अख्खा दाणा न पचता बाहेर पडतो. घाण्याचे तेल असो की रिफाइंड, त्यातील उष्मांक तेवढेच असतात. माणशी महिन्याला अर्धा किलो तेल हे घरगुती माप धरल्यास दिवसाला सुमारे १७ ग्रॅम पडते. मिसळीच्या एका वाटीवरची तर्री त्यातला मोठा भाग एकाच वेळी संपवू शकते.

सर्वांत घातक ठरली ती मात्र कृत्रिम ट्रान्स मेदाम्ले. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेतून वनस्पती तूप जन्माला आले आणि ‘डालडा’ हे एका उत्पादनाचे नाव मराठीत त्या संपूर्ण प्रकारालाच चिकटले. अर्धवट हायड्रोजनीकरणात निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवतात आणि त्याच वेळी एचडीएल घटवतात, असा दुहेरी अपाय संपृक्त मेदही करत नाही. खारी, बिस्किटे, फरसाण व मिठाईतून ती अनेक दशके लोकांच्या पोटात गेली. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व मेदांतील त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. वडे-भजी तळण्यासाठी तेच तेल वारंवार तापवल्यानेही अपायकारक ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे, परंतु हातगाडीवरच्या कढईत ते मोजणार कोण, हा प्रश्न उरतोच.

तंतुमय पदार्थांचे कार्य याच्या उलट दिशेने चालते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवून आतड्यात सोडते व त्यांतील बहुतांश पुन्हा शोषली जातात. ओट, जव, कडधान्ये, मेथीदाणे आणि इसबगोल यांतील विद्राव्य तंतू ही पित्ताम्ले धरून ठेवून मलावाटे बाहेर नेतात. तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेते. मटकीची उसळ, हुलग्याचे पिठले आणि पालेभाजीसोबतची भाकरी यांचे महत्त्व यात आहे. मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोडही उपयोगी पडतात, मात्र ते फरसाणाच्या जागी खाल्ले तर. फरसाणावर आणखी भर म्हणून नव्हे.

भारतीयांमध्ये आढळणारे चित्र पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांहून थोडे वेगळे आहे. येथे वाढलेल्या एलडीएलपेक्षा घटलेले एचडीएल आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड अधिक वेळा दिसतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी आलेला आढळला. याचा एक धागा तुपाकडे नव्हे, तर पांढरा भात, मैदा आणि साखर यांकडे जातो, कारण गरजेपेक्षा जास्त आलेल्या पिष्ट व शर्करेचे यकृत ट्रायग्लिसराइडमध्ये रूपांतर करते. दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा आणि प्रत्येक वेळी दोन बिस्किटे, अशी सवय कोणाला खाणे वाटतच नाही. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणाही जवळजवळ शुद्ध पिष्टच असतो, आणि तिच्या जोडीला बटाट्याचा कीस येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच असावी. लोणचे, पापड यांतील मिठाचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, पण रक्तदाबाशी आहे. दिवसाला ५ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

आहारबदलाने एलडीएल साधारणतः १० ते १५ टक्के उतरते. टोरांटोचे संशोधक डेव्हिड जेंकिन्स यांनी २००३ मध्ये विद्राव्य तंतू, सोयाप्रथिने, बदाम व वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतील कोलेस्टेरॉलसदृश पदार्थ) एकत्र देऊन महिनाभरात २८ टक्क्यांच्या आसपास घट दाखवली, परंतु तेथे अन्न संशोधकच पुरवत होते. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या व्यक्तींमध्ये ग्राहीच सदोष असल्याने केवळ पथ्य पुरत नाही व स्टॅटिन वर्गातील, कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारी औषधे घ्यावीच लागतात. रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची अट आता शिथिल झाली आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आढळल्यास मात्र उपाशीपोटी पुन्हा तपासणी करतात.