फेरफार केलेली जुनी क्रूझर मोटारसायकल नावावर करून घेताना : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

वापरलेली क्रूझर, म्हणजे लांब, ठेंगण्या बैठकीची मोटारसायकल, पाहायला गेल्यावर नजर आधी टाकीच्या रंगकामावर आणि जाड सायलेन्सरवर जाते. परिवहन कार्यालय मात्र नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीत, वर्णन केलेलीच गाडी तुमच्या नावावर करते. म्हणून विसार देण्यापूर्वी आरसी हातात घेऊन गाडीशेजारी उभे राहावे. हॅंडलखालच्या मानेवरचा चासी क्रमांक ओल्या फडक्याने पुसून एकेक अंक जुळवावा आणि इंजिन क्रमांकही तसाच तपासावा. घासल्याच्या खुणा किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर व्यवहार तिथेच सोडून द्यावा. पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) लांबवला असेल, तर दोन चाकांमधले नोंदलेले अंतर बदलते, आणि मागची सीट काढून एकाच माणसाची बैठक केली असेल, तर नोंदलेली आसनक्षमता जुळत नाही; हौसेने केलेली कामे नेमकी इथे अडतात.

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. असा बदल करणाऱ्या मालकाला कलम 182अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर घेऊन रस्त्यावर उतरल्यास कलम 190 लागू होते आणि चालवणारे तुम्ही असाल, तर कारवाई तुमच्यावर होते. त्यामुळे विक्रेत्याकडून मूळ सायलेन्सर, सीट आणि हॅंडल मागून घ्यावेत; ते नाहीत असे तो म्हणाला, तर किंमत ठरवताना तो खर्च धरावा.

गाडी विकण्याचा अधिकार आरसीवरील नोंदणीकृत मालकालाच असतो. मालक हयात नसेल, तर वारसाने आधी परिवहन कार्यालयाचा नमुना 31, म्हणजे ठरावीक अर्ज, भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी वित्तसंस्थेच्या पत्रासह नमुना 35 लागतो.

प्रत्यक्ष हस्तांतरणासाठी विक्रेत्याने नमुना 29 दोन प्रतींत भरायचा असतो, तर नमुना 30 वर दोघांच्याही सह्या लागतात. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), खरेदीदाराचा पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलने काढलेला ठसा जोडावा. अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर भरता येतो. थकीत ई-चलन आधीच भरून टाकलेले बरे. राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर नमुना 28 वरील ना हरकत प्रमाणपत्र हवे. नोंदणीला 15 वर्षे होत आली असतील, तर नूतनीकरणाचेही विचारून घ्यावे.

विक्रेत्यानेही नुसती विक्रीची पावती देऊन निश्चिंत राहू नये, कारण अपघाताच्या नुकसानभरपाईत आरसीवर ज्याचे नाव, त्यालाच मालक धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. खरेदीदाराने विमा कंपनीकडे 14 दिवसांत नावबदलाचा अर्ज करावा. तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात इतरांच्या नुकसानीचे, विमा संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातील सवलत) मिळत नाही. याच अर्जात गाडीला बसवलेल्या जादा भागांची माहिती लेखी द्यावी आणि त्याची पोच जपून ठेवावी.