जास्त पैसे आणले म्हणजे चांगला फंडरेझर? अजिबात नाही

सामाजिक संस्थांच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं एकच हिशोब चालतो, की ज्याने जास्त रक्कम आणली तो फंडरेझर (म्हणजे संस्थेसाठी देणग्या जमवणारा) भारी आणि ज्याची कमी तो कामचुकार. हे साफ चुकीचं आहे. सीएसआरचंच, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचंच बघा ना, कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २% खर्च करावे लागतात, म्हणजे नफा घसरला की ते बजेट पण आटतं, त्यात फंडरेझरचा काय दोष? आणि यंदा आलेला मोठा चेक बरेचदा आधीच्या माणसाने फोन, भेटी, प्रपोजल करून करून जमवत आणलेला असतो, तो गेला सोडून आणि नाव झालं नव्याचं.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी हे, की मागच्या वर्षी देणाऱ्यांपैकी यंदा परत किती जणांनी दिलं. दरमहा ५०० रुपये ऑटो-डेबिटने देणारा कोणी असेल, त्याचं पेमेंट बाउन्स झालं तर त्याला आपुलकीने फोन गेला का, देणगीवरच्या करसवलतीचं (८०जी) सर्टिफिकेट रिटर्न भरायच्या आधी हातात पडलं का, त्याच्या पैशातून नक्की काय झालं हे त्याला कळलं का, खरं काम इथे दिसतं. एक रुपया आणायला खर्च किती झाला हेही बघाच.

आणि आकड्यावर कमिशन तर नकोच. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाईच आहे, कारण कमिशन आलं की दात्याच्या हिताआधी स्वतःचा वाटा दिसायला लागतो.